खाडाखोड

भांडी घासण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझा लौकिक फारसा चांगला नाही. लग्नाला एकवीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी घासलेल्या भांड्यांची यादी करायची म्हटली तर ती एका पोस्टकार्डावर मावेल आणि खाली 'लहानांस आशीर्वाद' लिहायला जागा उरेल. म्हणूनच दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी मोरीत पाट टाकून, बाह्या सारून, हातात जुना टूथब्रश घेऊन बसलो, तेव्हा सौ. दारातच थबकली. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मुठीत काय आहे ते पाहिले.

"हे काय?"

"नाणं."

"एकच?"

"एकच."

"आणि या समया कोण घासणार?"

या प्रश्नाला इतिहासात उत्तर नाही. मी मान खाली घालून घासत राहिलो.

मला जुनी नाणी जमवण्याचा नाद आहे. बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाला पैशाचाच छंद लागावा, हे हलवायाने सुट्टीच्या दिवशी घरी जिलब्या तळत बसण्यासारखे आहे, हे मला कबूल आहे. फरक एवढाच, की बँकेतला पैसा माझा नसतो आणि चालतो. घरातला पैसा माझा असतो आणि चालत नाही.

शिवाय दोन्हीकडचे कायदे उलटसुलट. बँकेत दिवसभर माझे काम काय, तर स्वच्छ नोटा एकीकडे आणि मळक्या नोटा दुसरीकडे. १९९९ साली रिझर्व्ह बँकेने 'क्लीन नोट पॉलिसी' काढली, तेव्हापासून मळकी नोट काउंटरच्या आत आली की तिने पुन्हा बाहेरचे जग बघायचे नाही, असा दंडक आहे. तिची किंमत कमी होत नाही, फक्त तिला सेवानिवृत्त करतात. जुन्या नाण्याचे नेमके उलटे. ते जेवढे काळेसावळे, तेवढे जाणकारांच्या गळ्यातले ताईत. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच मळ वाईट आणि साडेपाचनंतर मळ चांगला, हे कॉमर्सच्या पदवीधराच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. माझ्या बाबतीत त्याची किंमत एका मौर्यकालीन नाण्याने मोजली.

ते माझे पहिले नाणे. आहत नाणे म्हणतात त्याला. साधारण सव्वातीन ग्रॅम वजनाचा चांदीचा वेडावाकडा तुकडा आणि त्यावर एकमेकांच्या अंगावर पडलेले पाच ठसे. मागच्या बाजूला आणखी काही बारीक ठोके होते. ते त्या काळच्या सराफांनी नाणे पारखून मारलेले असावेत, असे अभ्यासक सांगतात. हे ऐकून माझा ऊर भरून आला. बावीस-तेवीसशे वर्षांपूर्वी माझ्याच धंद्यातल्या कोणी तरी, माझ्याइतक्याच कंटाळलेल्या चेहऱ्याने, हे नाणे हातात घेऊन 'चालेल' असा शिक्का मारला होता! त्या पूर्वजाचा शिक्का नीट दिसावा म्हणून मी नाण्याला आधी चिंच लावली, मग राख लावली, मग तारेच्या घासणीने मनापासून घासले. नाणे आरशासारखे झाले. पूर्वज मात्र गेला.

आमच्या छंदातले वडीलधारे म्हणजे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मी मोठ्या अभिमानाने ते नाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी भिंग लावून पाहिले, भिंग पुसले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "आजीबाईंच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून तुम्ही त्यांना रंधा मारलात."

मग त्यांनी मला चार धडे दिले. चांदीवरचा काळेपणा ही बाहेरून बसलेली घाण नव्हे. हवेतला गंधक चांदीला लागतो आणि चांदीचाच वरचा पापुद्रा काळा होतो. म्हणजे तो काळा थर ही वेष पालटून बसलेली चांदीच. घासून काढली, तर तेवढी चांदी मोरीतून गोदावरीला मिळाली. जमिनीत पुरलेल्या नाण्यावर क्षारांचा राखी थर धरतो, त्याची जात वेगळी. आणि शेकडो वर्षांत जुनी चांदी आतून ठिसूळ होऊ शकते. दिसायला धडधाकट, पण जोर लावला तर बिस्किटासारखी मोडते. टूथपेस्ट दातांना चालते ती तिच्यात बारीक घासणारी पूड असते म्हणून. त्याच कारणासाठी ती नाण्याला चालत नाही.

न घासता उजळायचीही एक युक्ती आहे. भांड्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद, त्यावर नाणे, वर गरम पाणी आणि खायचा सोडा. गंधक चांदीला सोडतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मागे लागतो. गंधकाची ही बदफैली चालू असताना नासक्या अंड्यांसारखा वास सुटतो. मी हा प्रयोग केला त्या दिवशी आमच्या शाकाहारी घरात नेमकी संकष्टी होती. अधिक तपशिलात शिरत नाही.

"थोडक्यात सांगू?" मास्तर म्हणाले होते. "शुद्ध पाण्यात बुडवा, मऊ कापडावर ठेवा आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहा."

एवढे सगळे शहाणपण माझ्यापाशी होते. फक्त त्या रविवारी ते घरी नव्हते.

कारण हातात होते ते आमच्या देवघरातले नाणे. पणजोबांनी ते नाशिकच्याच एका सराफाकडून घेतले, एवढीच त्याची हकिगत घरात चालत आलेली. आकाराने आजच्या रुपयाहूनही लहान. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते ताम्हनात बसायचे, दुधाने न्हायचे, हळदकुंकू लावून घ्यायचे आणि मग वर्षभर अन्नपूर्णेशेजारी गप्प राहायचे. शंभर दिवाळ्यांच्या हळदीकुंकवाने आणि तेलकट बोटांनी त्याच्यावर एक तपकिरी साय धरली होती. त्यातून एका बाजूला कोणाचा तरी चेहरा अर्धामुर्धा वर यायचा. आजीच्या लेखी तो चेहरा लक्ष्मीचा. आईने सासूबाईंच्या शब्दावर विश्वास ठेवला.

नाण्यांचा नाद लागल्यावर मी ते भिंगाखाली धरले आणि हादरलोच. ती लक्ष्मी नव्हती. तो नहपान होता. क्षहरात कुळातला क्षत्रप राजा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या मुलखावर राज्य करणारा. बसलेले गाल, पुढे आलेले नाक. आणि त्याच्या गालफडावरच एकावर एक रचलेल्या कमानींची टेकडी ठोकलेली. दुसऱ्या बाजूला अधिकच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे. हा ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा. त्याने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर आपला शिक्का मारून तीच पुन्हा चालवली. १९०६ साली आपल्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० च्या वर नाणी होती आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीचे ठसे होते. आमचे नाणे त्याच जातीचे. म्हणजे आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या सुवासिनी एका हरलेल्या क्षत्रपाला हळदकुंकू लावत आल्या होत्या!

ही गोष्ट मी आईला सांगितली नाही. पण जानेवारीत नाणेप्रेमी मंडळींचे एक छोटेसे प्रदर्शन होते आणि तिथे हे नाणे मांडून चार माणसांनी 'वा' म्हणावे, असे मला वाटू लागले. 'वा' म्हणायला चेहरा दिसायला हवा. ती साय पाण्याने निघेना, सोड्याने निघेना. मग बेसिनवर टूथपेस्ट दिसली.

अर्ध्या तासाने नाणे असे लख्ख झाले, की काल टांकसाळीतून आल्यासारखे. टेकडी दिसू लागली, कमानी दिसू लागल्या. आणि नाक? नाक हा चेहऱ्याचा सगळ्यात उंच भाग. ब्रश आणि टूथपेस्ट आधी उंचावरच चालून जातात. आधीच झिजलेले ते नाक गालात विरघळून गेले होते. मी घाईघाईने संग्रहाची वही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'उत्तम. ठसे स्पष्ट.' नाकाचा उल्लेख टाळला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने ताम्हनातले नाणे उचलले. आईचे वय सत्त्याहत्तर, डोळ्यांनी बेताचेच दिसते. तिने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे नव्हे."

"अगं, हेच आहे ते."

"आपल्याला नाक होतं."

"दिव्यांच्या उजेडात तसं वाटतं," मी ठोकून दिले.

"मी डोळ्यांनी कुठे बघते रे आता? अंगठ्यानं बघते."

पूजा झाली. आईने हळदकुंकू वाहिले, पण परक्याच्या घरी हळदीकुंकवाला गेल्यासारखे. रात्री दिवे विझवून मी आडवा होणार, तेवढ्यात ती काठी टेकत खोलीत आली. दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. पैशाची काही अडचण होती का?"

मला काही कळेना.

"नाही, म्हणजे ते विकून दुसरं आणलं असशील तरी माझं काही म्हणणं नाही. संसार आहे. फक्त सांगून ठेव."

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा बँक कर्मचारी. आजवर कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तर खिशातून भरले, जास्त आले तर रात्री झोप लागली नाही. आणि माझ्या जन्मदात्या आईला वाटत होते, की मी देवघरातली लक्ष्मी विकली! मी शपथेवर सांगायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की माझ्याकडे पुरावा नाही. हे नाणे तेच आहे, हे सांगणारे जे जे होते, ती साय, तो रंग, ते नाक, ते सगळे मी पाणी ओतून मोरीतून सोडून दिले होते.

झोप लागेना. डोळ्यांपुढे आमच्या काउंटरवर येणारे पेन्शनर येऊ लागले. हात थरथरतो, सही जुळत नाही. मी सांगतो, "आजोबा, सही वेगळी दिसतेय." ते म्हणतात, "अहो, मीच आहे की हो!" आणि मी नमुन्याच्या सहीकडे बोट दाखवतो. त्या रात्री मला आजोबांची बाजू पहिल्यांदा समजली. मीच आहे की हो, हे मीच सांगून भागत नाही.

आणि मग आणखी मागचे एक आठवले. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. एकदा एका खात्याचे पाचशे रुपये मी दुसऱ्याच खात्यावर जमा केले. चूक लक्षात आली तेव्हा शाई वाळली होती. मी खिशातून ब्लेडचे पान काढले आणि कागद हळूहळू खरवडू लागलो. मागे अधिकारी उभे. मला वाटले, नोकरी गेली. त्यांनी शांतपणे ब्लेड काढून घेतले आणि म्हणाले, "चूक माफ आहे. खाडाखोड माफ नाही. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा लिहा आणि शेजारी सही करा." आता लेजरे गेली, सगळे संगणकात गेले. पण तिथेही झालेली नोंद पुसता येत नाही. उलटी नोंद करावी लागते, आणि चूक व दुरुस्ती दोघी शेजारणींसारख्या कायमच्या एकमेकींकडे बघत राहतात.

पाडव्याला बँक बंद. घरात आईसमोर बसवेना म्हणून सकाळीच पांडवलेणी चढलो. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक, १,००० वर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत मागायचे नाही, फक्त व्याज खायचे. वर्षाला बारा आणि नऊ टक्के! हा दर आमच्या शाखेत लावला तर रांग लेण्यापर्यंत येईल.

तिथून चालत तिसऱ्या लेण्याशी आलो. हे सातकर्णींचे. इथल्या लेखात गौतमीपुत्राची आई बलश्री आपल्या मुलाचे गुण गाते आणि सांगते, की त्याने क्षहरात कुळ निःशेष केले. आईच ती, मुलाच्या बाबतीत हात आखडता कशाला घेईल? पण त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात गौतमीपुत्र स्वतः एक शेत भिक्षूंना देतो, तेव्हा ते आजवर उषवदाताकडे होते, असे स्वच्छ नमूद करतो. शत्रूच्या जावयाचे नाव! आणि त्या जावयाचा स्वतःचा लेख चार पावलांवर तसाच, कोणी छिन्नी न लावलेला.

पायरीवर बसून मी विचार केला. या राजाने नहपानाची हजारो नाणी वितळवली असती, तर त्याला कोण विचारणार होते? कदाचित भट्टीचा खर्च परवडला नसेल. राजांनाही अंदाजपत्रक असते. कारण काही असो, त्याने केले ते आमच्या अधिकाऱ्यांनी सांगितले तेच. जुन्या नोंदीवर आपला ठसा मारला, आणि खालचे वाचता येईल असे ठेवले. म्हणून तर नहपानही कळला आणि त्याला कोणी हरवले तेही कळले. आईने दगडावर 'निःशेष' लिहिले, पण मुलाच्या नाण्यांवर नहपानाचे नाक शिल्लक राहिले. गौतमीपुत्राच्या ठोक्यातून वाचलेले ते नाक एका बी.कॉम.ने टूथपेस्टने निःशेष केले.

मग काय, काहीच पुसू नये? असेही नाही. दिवाळीला समया घासायच्याच असतात, नाही तर सौ. मला घासेल. जे नाण्याला आतून खाते ते काढायलाच हवे. पण जे नुसते त्याच्यासोबत राहून राहून त्याचे झाले आहे, ते काढण्याचा हक्क मला कोणी दिला? नाणे माझ्या ताब्यात होते, म्हणून मी मालक झालो. बँकेत पंचवीस वर्षे काढून ताबा आणि मालकी यांतला फरक मला घरी कळला नाही. ती साय माझी नव्हतीच. ती पणजीची होती, आजीची होती, आणि तिच्यातल्या पंचावन्न दिवाळ्या आईच्या होत्या. बरे, घासले ती चूक झाली. पण 'दिव्यांच्या उजेडात तसं वाटतं' म्हणालो, ते दुसऱ्यांदा ब्लेड काढणे होते.

दुपारी जेवणे झाल्यावर आईपाशी जाऊन बसलो. नाणे तिच्या हातात दिले.

"आई, ते हेच नाणं आहे. मी विकलं नाही. मी ते घासलं. टूथपेस्टनं. नाक माझ्या हातून गेलं."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरीच लक्ष्मीला पुदिन्याचा वास येत होता."

माझा जीव खाली पडला.

"मग परवाच सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने अंगठा फिरवला, जिथे नाक होते तिथे थांबला. "कोणाचं होतं रे ते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "नहपान म्हणून एक राजा होता. लक्ष्मी नव्हती ती, आई. आणि तो लढाईत हरला होता."

आईने विचार केला. "असू दे," ती म्हणाली. "घरात आला तो घरचा." आणि करंड्यातली हळदकुंकवाची दोन बोटे तिने त्या लख्ख गालावर ओढली. माझ्यातल्या संग्राहकाच्या तोंडून 'अगं' निघणारच होते. मी हात पाठीमागे बांधले.

जानेवारीत नाणे प्रदर्शनाला नेले नाही. वही मात्र काढली. शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम. ठसे स्पष्ट.' असे होते, त्यावर खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारली. वर लिहिले : 'नाक नाही. मी घासले.' शेजारी सही केली, तारीख घातली.

मग उठलो आणि समया घासायला घेतल्या.